फिडल लीफ फिग: आपल्या हवेत, आपल्या फ्लॅटमध्ये

फिडल लीफ, म्हणजे ते व्हायोलिनच्या आकाराच्या मोठ्या पानांचं झाड, घ्यायचंय ना, मग लगेच नर्सरीत जाऊ नका, आधी घरात एक चक्कर मारा. दुपारी बाराच्या सुमाराला, झाड जिथे ठेवायचं मनात आहे तिथे हात आडवा धरा आणि खाली फरशीवर सावली कशी पडते बघा. बोटं सुटी सुटी दिसतायत, कडा बऱ्यापैकी स्पष्ट आहेत, तर जागा चालेल. नुसतंच पुसट काहीतरी हलताना दिसतंय तर तिथे स्नेक प्लांट ठेवा, मनी प्लांट ठेवा, पण फिडल लीफवर पैसे घालवू नका. सोफ्यामागचा कोपरा, टीव्ही युनिटच्या बाजूची मोकळी जागा, इंटिरिअरवाल्यांच्या फोटोत हे झाड जिथे हमखास असतं ना, ती जागा फोटोपुरतीच असते. फोटो काढून झाला की झाड परत खिडकीत जातं, किंवा मरतं.

कारण हे मुळात घरातलं झाडच नाहीये. पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतच्या पावसाळी जंगलातलं हे झाड, तिकडे १२-१५ मीटर उंच होतं. शास्त्रीय नाव फायकस लायराटा, म्हणजे आपल्या वड, पिंपळ, उंबराच्या कुळातलंच, पान तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. मुंबई-पुण्यात काही बंगल्यांच्या आवारात, जुन्या बागांमध्ये हे जमिनीत लावलेलं दिसेल, आणि तिथे त्याला कोणी ह्युमिडिफायर लावत नाही की मोजून पाणी घालत नाही, मस्त वाढतं. म्हणजे नखरेल झाड वगैरे जी ख्याती आहे ना ती निम्मी तरी खोटी आहे. उंबर घरात ठेवायचा असता तर आपण कसा ठेवला असता, तेवढा विचार केला तरी बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात.

आता घोळ कुठे होतो, तर आपण यूट्यूबवर जे बघतो ते बहुतेक थंड देशातल्या लोकांनी केलेलं असतं. त्यांच्याकडे हिवाळ्यात घरात हीटर, हवा कोरडी ठाक, म्हणून ते म्हणणार पाण्याचे फवारे मारा, ह्युमिडिफायर लावा. न्यू जर्सीत किंवा जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना ते सगळं लागू आहे, त्यांनी हीटरच्या झोतापासून झाड लांब ठेवावं आणि हिवाळ्यात पाणी कमी करावं. पण ठाण्यात किंवा चिपळूणला जुलैमध्ये हवेत एवढी वाफ असते की पापड सादळतात, तिथे कसला ह्युमिडिफायर! आपल्याकडे या झाडाला खरा धोका पावसाळ्यात असतो, उजेड कमी, माती ओली, आणि आपण मात्र सवयीने दर रविवारी तांब्या घेऊन हजर.

उजेडाचं गणित

खिडकीच्या दिशेचाही तसाच प्रकार आहे. परदेशी व्हिडिओत सांगतात दक्षिणेची खिडकी बेस्ट. आपल्याकडे अर्धंच खरं. पुण्या-मुंबईत शून्य सावली दिवस येतात ना, एक मेच्या मध्याला आणि दुसरा जुलैच्या शेवटी, त्या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत त्या दिवसांत थेट ऊन जवळपास येतच नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला, तेव्हा त्याच खिडकीतून ऊन पार हॉलच्या मध्यापर्यंत येतं. त्यामुळे दक्षिणेची खिडकी असेल तर थंडीत झाड जरा मागे आणि मे ते जुलै अगदी काचेला चिकटून, असं सरकवत राहा.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे पूर्वेची खिडकी किंवा बाल्कनी सगळ्यात चांगली. सकाळचं दोन-तीन तास ऊन, मग दिवसभर उजेड, झाडाला याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. पश्चिमेची खिडकी पण चालते, फक्त मार्च ते मे तीन-चारनंतर काच तापते तेव्हा पातळ पांढरा पडदा ओढा किंवा झाड दोन फूट आत घ्या. नागपूर-अकोल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो, तिकडे पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवूच नका, त्या झळांनी पानांच्या कडा दोन दिवसांत कुरकुरीत होतात. उत्तरेची खिडकी एकटी पुरत नाही. तिथे पांढरा एलईडी ग्रो लाइट झाडाच्या शेंड्यापासून फूट-दीड फुटावर, दिवसाला १०-१२ तास, टायमरवर लावून टाका. जांभळ्या रंगाचा घ्यायची काही गरज नाही, उगीच घर लेडीज बारसारखं दिसतं.

आणि खिडकी म्हणजे खिडकीजवळ हां. तीन फुटांच्या आत. मच्छरची जाळी, टिंटेड काच, ग्रिलवर वाळत घातलेले कपडे, समोरची बिल्डिंग, हे सगळं उजेड खातं आणि आपल्या डोळ्यांना ते कळत नाही कारण डोळे सवय करून घेतात. झाडाला कमी पडतंय हे ओळखायचं कसं तर नवी पानं जुन्यांपेक्षा लहान यायला लागतात, दोन पानांमधलं अंतर वाढतं, आणि खोड खिडकीकडे झुकतं. झुकू नये म्हणून पाणी घालायच्या वेळी दरवेळी कुंडी पाव फेरा फिरवायची, बास.

एक गोष्ट लक्षात ठेवा, आत वाढलेलं झाड एकदम कडक उन्हात काढलं की पानं भाजतात, फिकट पांढुरके-तपकिरी चट्टे पडतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. हळूहळू सवय लावा, आधी सकाळचा अर्धा तास, मग तास, दोनेक आठवडे असं करत. पाऊस सुरू झाल्यावर ढगाळ दिवसांत बाहेर काढलं तर सगळ्यात सोपं जातं. पण पुढे ऑक्टोबर हीट येते तेव्हा परत लक्ष ठेवायचं.

पाणी: अगरबत्तीची काडी

किती दिवसांनी पाणी घालायचं असं कोणी ठोक सांगितलं की ऐकूच नका. त्याच झाडाला मेमध्ये चार-पाच दिवसांनी लागेल, थंडीत आठ-दहा दिवसांनी, आणि भर पावसाळ्यात बंद हॉलमध्ये असेल तर पंधरा दिवससुद्धा लागणार नाही. मातीची कुंडी असेल तर लवकर सुकेल, प्लास्टिकची असेल तर उशिरा.

मॉइश्चर मीटर विकत घ्यायचा काही उपयोग नाही, स्वस्तातले बरेचसे काहीही दाखवतात. त्यापेक्षा अगरबत्तीत असते ना तशी बांबूची साधी, लांब काडी चांगली. अशा दोन-चार काड्या कुंडीपाशी ठेवून द्या. काडी खोडापासून जरा लांब, मातीत चार-पाच इंच खोल खुपसायची, पाच मिनिटं थांबायचं, बाहेर काढून बघायची. वरचे दोन इंच काडी कोरडी आणि खालचा भाग थोडा गार, किंचित दमट, तर आता पाणी घाला. काडीला चिखल चिकटून आला, रंग गडद झाला, तर काडी परत ठेवून द्या आणि दुसऱ्या कामाला लागा. काडी नाकाशी नेऊन वास पण घ्या, हे कोणी सांगत नाही पण फार उपयोगी आहे. पहिल्या पावसासारखा मातीचा वास आला तर ठीक, गटारासारखा आंबूस आला तर खाली मुळं कुजायला लागलीत.

घालायचं तेव्हा मात्र पोटभर. घोटभर घोटभर रोज घालणं हा सगळ्यात वाईट प्रकार, वरची माती कायम ओली आणि तळाची मुळं तहानलेली. सगळीकडून सावकाश घाला, खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत, दहा इंची कुंडी असेल तर दोनेक तांबे लागतात. अर्ध्या तासाने खालच्या ताटलीत जमलेलं पाणी ओतून टाका. ताटलीत पाणी तसंच ठेवलं तर मुळं तर कुजतातच, वर डेंग्यूचे डास फुकट.

पाणी कुठलं? नळाचं साधं चालतं. बोअरचं जड पाणी असेल तर मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, तो खरवडून काढा आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा बाथरूममध्ये नेऊन भरपूर पाणी सोडून माती धुऊन काढा, पावसात ठेवता आलं तर फारच छान. वॉटर प्युरिफायरमधून वाया जाणारं पाणी बरेच जण झाडांना घालतात, ते याला घालू नका, त्यात क्षार जास्त असतात, त्या पाण्याने फरशी पुसा. फ्रिजचं गार पाणी नको. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, हे प्रकार शेजारच्या काकू फार प्रेमाने सुचवतात, पण बंद घरात त्याने चिलटं आणि मुंग्या होतात, ते बाल्कनीतल्या जास्वंदीला ठेवा.

पानांवर फवारे मारायची आपल्याकडे गरज नाही. त्याऐवजी महिन्यातून दोनदा पानं पुसा. मेट्रोचं नाहीतर बिल्डिंगचं काम आजूबाजूला चालू नाही असा एरिया आता राहिलाय कुठे, एवढी धूळ बसते की पान मखमली वाटायला लागतं, आणि धुळीखाली उजेड पोचत नाही. एक हात पानाखाली आधाराला धरायचा आणि दुसऱ्या हाताने जुन्या टी-शर्टच्या ओल्या तुकड्याने देठाकडून टोकाकडे पुसायचं. दूध, खोबरेल तेल, केळ्याचं साल, लीफ शाइन स्प्रे, काहीही लावू नका, दोन दिवस चमकतं आणि मग त्यावर दुप्पट धूळ बसते.

घेताना आणि कुंडी बदलताना

पुण्याजवळ सोलापूर रोडला उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्यांची रांगच आहे, तिकडे ऑनलाइनपेक्षा निवडून घेता येतं. नर्सरीत लायराटा म्हटलं की कळतं. जागा लहान असेल तर बॅम्बिनो नावाची बुटकी जात मिळते, पानं लहान आणि दाट, आमच्यासारख्या वनबीएचकेवाल्यांना तीच बरी. झाड बघताना पानं किती यापेक्षा खालची पानं शाबूत आहेत का ते बघा, पानाच्या मागे देठाशी पांढरा कापूस आहे का बघा, आणि खोड धरून हळूच हलवून बघा, मातीत डुगडुगत असेल तर मुळं धरलेली नाहीत, ते नको.

घरी आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काही करू नका. एक-दोन खालची पानं गळतील, गळू द्या. नर्सरीतला उजेड आणि घरातला उजेड यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, झाड तेवढं जुळवून घेतं. लोक घाबरून या काळात जागा बदलतात, खत घालतात, पाणी वाढवतात आणि मग खरंच काहीतरी होतं.

त्यानंतर मात्र माती बदला, कारण नर्सरीची लाल माती हा आपल्याकडचा मोठाच प्रॉब्लेम आहे. पोत्यात येताना ती बरी, झाड ट्रकमध्ये उभं राहायला जडपणा लागतो, पण घरातल्या कुंडीत ती विटेसारखी घट्ट होते, कोरडी पडली की कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, मधला गोळा कोरडाच. ओली झाली तर आठ-आठ दिवस चिखल. मिक्स असं करा, बागेची माती एक भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, परलाइट (हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू एक भाग, गांडूळखत अर्धा भाग, आणि मूठभर लाकडी कोळशाचे तुकडे असतील तर टाका. मुठीत धरून दाबलं आणि मूठ उघडल्यावर गोळा बोटाच्या टिचकीने फुटला पाहिजे. कोकोपीट आधी भिजवून, एक-दोनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असू शकतं.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचच मोठी. एकदम मोठी घेतली की मुळं नसलेली माती ओलीच राहते. खाली भोक पाहिजेच, शोभेच्या सिरॅमिकच्या कुंडीला नसतं, तर मग झाड प्लास्टिकच्या कुंडीत लावून ती त्याच्या आत ठेवा. तळाला खडीचा थर द्यायची जी पद्धत आहे त्याने पाणी जास्त चांगलं निघतं असं नाही, उलट मुळांची जागा कमी होते, भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पाऊस सुरू होताना करा. काढल्यावर मुळं बघा, चांगली मुळं कडक आणि पांढुरकी किंवा फिकट तपकिरी असतात, कुजलेलं मूळ काळं, बोटात धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोरा राहतो, ती सगळी कापून टाका. परत दोन वर्षांनी बदललं तरी चालतं.

खत थोडकंच. मार्च ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, ओल्या मातीत, किंवा दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत. डिसेंबर-जानेवारीत बंद. आजारी झाडाला खत म्हणजे तापात श्रीखंड-पुरी, देऊ नका.

डाग आले तर

सगळे फोटो टाकून विचारतात हा डाग कसला, तर बहुतेक वेळा उत्तर डाग कुठे आहे त्यावरून मिळतं. खालच्या जुन्या पानांवर गडद तपकिरी, जवळपास काळे चट्टे आणि पानं पिवळी होऊन गळतायत, माती ओली, तर मुळं कुजतायत, कुंडीतून काढून बघा. पानांच्या कडा फिकट तपकिरी, कुरकुरीत, पानं आत वळलेली, माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली, तर पाणी कमी पडलंय, अख्खी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा आणि नीट निथळू द्या. फक्त वरच्या, खिडकीकडच्या पानांवर फिकट चट्टे, तर ऊन लागलंय. आणि नव्या कोवळ्या पानांवर वेडेवाकडे तपकिरी डाग, भोवती पिवळी कडा, रोज वाढतायत, तर तो बॅक्टेरिया, ती पानं कापून कचऱ्यात टाका, कात्री स्पिरिटने पुसा, पानांवर पाणी पडू देऊ नका आणि हवा खेळती ठेवा. त्यावर तसं खात्रीचं औषध नाही.

पावसाळ्यात अजून एक हमखास दिसतं, नुकत्याच उघडलेल्या पानावर बारीक लालसर-तपकिरी ठिपके, हळदीकुंकू शिंपडल्यासारखे. पान उजेडाकडे धरलं तर नीट दिसतात, शिरांच्या मधे जास्त. लोकांना वाटतं कीड, मग फवारण्या सुरू. तर ते तसं काही नाही. मुळं पाणी ओढतायत पण हवा दमट असल्याने पानातून ते बाहेर जात नाही, म्हणून आतल्या पेशी फुटतात. पान मोठं होईल तसे ठिपके पुसट होतात. दोन पाण्यांमधलं अंतर वाढवा आणि पंखा चालू असलेल्या खोलीत ठेवा, झालं.

थंडीत १२-१३ अंशांच्या खाली याला सोसत नाही. निफाडच्या पाऱ्याची बातमी पेपरात आली की बाल्कनीतलं झाड आत घ्या. एसीचा झोत सरळ पानांवर नको, कूलरचाही नको.

किडीचं म्हणाल तर मिलीबग, म्हणजे पानामागे पांढऱ्या कापसासारखी दिसते ती कीड, सगळ्यात जास्त. खोडावरून मुंग्यांची रांग वर चाललीये असं दिसलं की समजा वर कुठेतरी आहेच, त्या चिकट गोडासाठी जातात. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून एकेक पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे काही थेंब, संध्याकाळी फवारा, पानांच्या मागून पण. दर सात दिवसांनी तीन वेळा. ऑक्टोबर आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतात, पानाच्या मागे बारीक जाळी आणि पान निस्तेज, त्यांना बाथरूममध्ये नेऊन शॉवरने धुतलं तरी निम्मं काम होतं.

छाटणी आणि एकाची दोन

सरळ काठीसारखं वाढलं आणि छताला टेकायला आलं तर शेंडा कापा. भीती वाटते माहितीये, पण फांद्या फुटायचा तोच खात्रीचा मार्ग आहे. फेब्रुवारी ते जून, झाड तगडं असेल तेव्हा, पानाच्या जोडापासून अर्धा इंच वर, धारदार कटरने एका झटक्यात. खाली पेपर अंथरा कारण चीक टपटप गळतो, फरशीवर आणि कपड्यांवर डाग पडतात, काहींच्या हाताला खाज सुटते, ग्लोव्ह्ज घाला. पोरं आणि मांजर जवळ नकोत, पान चावलं की तोंडाची आग होते. दोन-चार आठवड्यांत जोडांपाशी फुगीर डोळे दिसायला लागतात.

कापलेला शेंडा फेकू नका. दोन पानं ठेवून पाण्यात उभा करा, भरपूर उजेडात पण थेट ऊन नको, पाणी चार दिवसांनी बदला, महिना-दोन महिन्यांत मुळं येतात. नुसतं एक पान पाण्यात ठेवलं तर त्याला मुळं येतील, ते महिनोन्महिने हिरवंही राहील, पण त्यातून झाड कधीच होणार नाही कारण खोडाचा डोळाच नाही. ज्यांना गुटी कलम येतं त्यांनी जून-जुलैमध्ये तेच करा, इंचभर साल गोल काढायची, ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळायचं, वर प्लास्टिक घट्ट बांधायचं, डाळिंबाला करतात अगदी तसंच, दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसली की खालून कापून कुंडीत.

गावाला जाताना

मे महिन्यात आठ-दहा दिवस गावाला जायचं असेल तर निघायच्या दिवशी पोटभर पाणी घाला, झाड खिडकीपासून तीन-चार फूट आत घ्या, पडदे अर्धे उघडे ठेवा, एवढ्यावर आरामात निभावतं. गणपतीत जात असाल तर तेवढंही नको, माती ओलीच असते. शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन जाणार असाल तर त्यांना स्पष्ट सांगा की फिडल लीफला पाणी घालू नका, बाकीच्यांना घाला. नाहीतर ते बिचारे रोज घालतात.